शिडी नसलेल्या मनोऱ्याच्या गच्चीवर उडती टॅक्सी

परवा विहारातल्या अभ्यासिकेत तीन-चार पोरं एका मोबाईलभोवती गोळा झाली होती. एमपीएससीची पुस्तके बाजूला पडलेली. मोबाईलवर व्हिडिओ चालू होता : एक पांढरी चकचकीत गाडी, पंखांवर डझनभर पाते फिरतायत, गाडी जागच्या जागी वर उठते आणि तुंबलेल्या रस्त्यावरून सुळकन निघून जाते. त्यातला एक म्हणाला, "दादा, आता ट्रॅफिकचा विषयच संपला. आणि हे विजेवर चालतं, प्रदूषण झिरो!"

त्याच आठवड्यात वस्तीची डीपी जळाली होती. तीन रात्री अभ्यासिका मोबाईलच्या टॉर्चवर चालली. ज्या मोबाईलवर तो व्हिडिओ चालू होता, तो चार्ज करायला एक जण रेल्वे स्टेशनवर जाऊन बसला होता.

आम्ही त्या पोरांना हसलो नाही. नव्या यंत्राचे आकर्षण असणे वाईट नाही. पण ज्या समाजाच्या पोरांना वीज मिळवायला स्टेशन गाठावे लागते, त्या समाजाने विजेचा हिशेब मागायला शिकले पाहिजे. आमचे म्हणणे थोडक्यात असे : उडत्या गाडीचा प्रश्न ती उडेल की नाही हा नाही, ती उडते. प्रश्न हा आहे की ती कोणाला उचलण्यासाठी कोणाची वीज खाणार.

यंत्राला आमचा विरोध नाही

आधी एक गैरसमज दूर करू. अशा विषयावर आम्ही बोललो की लगेच कोणीतरी म्हणतो, "तुम्ही विज्ञानाच्या विरोधात." मुळीच नाही. चरखा आणि स्वयंपूर्ण खेडे यांचे गोडवे गायले जात होते तेव्हा बाबासाहेबांनी १९४५ साली काँग्रेस आणि गांधींवरील आपल्या ग्रंथात स्पष्ट भूमिका घेतली की यंत्र नाकारणे म्हणजे गरीब माणसाला जनावरासारखे राबण्याच्या जगण्यात कोंडून ठेवणे. यंत्र हवे, कारण यंत्रामुळे माणसाला फुरसत मिळते, आणि फुरसतीशिवाय संस्कृती नाही. दोष यंत्राचा नसून यंत्राची मालकी आणि फायदा मूठभरांच्या हातात ठेवणाऱ्या समाजरचनेचा आहे, ही ती भूमिका.

आणि विजेबद्दल तर बाबासाहेब केवळ लिहून थांबले नाहीत. १९४२ ते १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना पाटबंधारे आणि वीज हे विषयही त्यांच्याकडे होते. दामोदर खोरे प्रकल्पाची पायाभरणी त्या काळातली. विजेचे देशपातळीवर नियोजन करण्यासाठी १९४४ साली केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ उभे राहिले, तेही त्यांच्याच खात्याकडून. वीज स्वस्त आणि मुबलक हवी, कारण विजेशिवाय उद्योग नाही आणि उद्योगाशिवाय दारिद्र्याच्या चक्रातून सुटका नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. म्हणजे वीज हा आमच्यासाठी मुक्तीचा विषय आहे. म्हणूनच ती कुठे खर्च होते हे विचारण्याचा हक्क आमचा आहे.

उचलण्याचा हिशेब

आता गणित करू. बारावीपर्यंत विज्ञान शिकलेल्या कोणालाही समजेल इतके सोपे आहे.

रस्त्यावरच्या गाडीचे वजन रस्ता पेलतो, आणि फुकटात पेलतो. गाडीला फक्त पुढे सरकण्यासाठी ऊर्जा लागते. सपाट रस्त्यावर ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या छोट्या इलेक्ट्रिक कारला ८ ते १० किलोवॅट शक्ती पुरते. हवेत मात्र वजन पेलायला खाली काहीच नाही. यंत्राला हवा सतत खाली ढकलत राहावे लागते. नुसते एका जागी तरंगायचे म्हटले तरी दर सेकंदाला वीज जळते.

पायलट आणि चार प्रवासी नेणारी सुमारे तीन टनांची उडती टॅक्सी धरा. तिच्या सगळ्या पात्यांचे मिळून क्षेत्रफळ ४० चौरस मीटर धरा. भौतिकशास्त्राच्या नियमाप्रमाणे ती हवेत स्थिर ठेवायला कमीत कमी ५०० किलोवॅटच्या पुढे शक्ती लागते. पाते आणि मोटरमधला तोटा धरला की आकडा ७०० किलोवॅटच्या घरात जातो. रस्त्यावरच्या कारच्या सत्तर पट.

प्रामाणिकपणे सांगायचे तर ही गाडी पूर्ण प्रवासभर एवढी वीज खात नाही. वर गेल्यावर पंख वजन पेलतात आणि खर्च खूप उतरतो. म्हणून पूर्ण फेरीचा हिशेब करू. ३० किलोमीटरची फेरी. वर चढणे आणि खाली उतरणे मिळून दोन मिनिटे धरली तर सुमारे २३ युनिट. मधल्या उड्डाणाला साधारण ३३ युनिट. एकूण पन्नास-पंचावन्न युनिट, आणि प्रवासी चार.

आता हीच वीज इलेक्ट्रिक बसला द्या. मोठी बस किलोमीटरला साधारण सव्वा ते दीड युनिट घेते. तेच अंतर रस्त्याने ४० किलोमीटर पडते असे मानले तरी तितक्याच विजेत बस पोहोचते, आणि बसलेले प्रवासीच चाळीस असतात. उभे असलेले वेगळे. म्हणजे माणशी दहापट फरक.

आणखी एक आकडा ध्यानात ठेवा. महाराष्ट्रात दारिद्र्यरेषेखालच्या घराला विजेचा सवलतीचा दर हवा असेल तर महिन्याचा वापर ३० युनिटच्या आत ठेवावा लागतो. एक पंखा, दोन दिवे, मोबाईल, संपला हिशेब. एका उडत्या टॅक्सीची एक फेरी म्हणजे त्या घराची जवळपास दोन महिन्यांची वीज. सात-दहा मिनिटांत.

बॅटरीचे ओझे

"तंत्रज्ञान सुधारेल हो," असे म्हणणारे भेटतात. सुधारेलच. पण अडचण कुठे आहे ते समजून घ्या. एक किलो विमानाच्या इंधनात सुमारे १२,००० वॅट-तास ऊर्जा असते. आजच्या लिथियम बॅटरीच्या एक किलोत, वरचे कवच वगैरे धरून, २०० च्या आसपास. इलेक्ट्रिक मोटर इंजिनापेक्षा कितीतरी कार्यक्षम असते हे मान्य करूनही वीसेक पटींचा फरक उरतो. शिवाय इंधन जळत जाते तसे विमान हलके होते. बॅटरी रिकामी झाली तरी तिचे वजन तेवढेच राहते. आणि हवेत चार्जिंग संपले म्हणून गाडी कडेला लावता येत नाही. उतरायची जागा मोकळी नसेल, पाऊस असेल, तर दुसरीकडे जाण्यासाठी वीज शिल्लक ठेवावीच लागते. म्हणून या गाड्या लांब जाऊ शकत नाहीत.

चाके, बंपर, दरवाजे असे रस्त्याचे सगळे सामान सोबत घेऊन उडणारी खरीखुरी 'उडती कार' तर याहून वाईट. रस्त्यावर ती सुमार गाडी आणि आकाशात जड विमान.

चार्जिंगचे पहा. पंचावन्न युनिट दहा मिनिटांत भरायचे म्हणजे ३३० किलोवॅटचा चार्जर हवा. आपल्या गावाची डीपी बहुतेक वेळा १०० केव्हीएची किंवा त्याहून लहान असते. म्हणजे एका गाडीच्या चार्जिंगला तीन गावांच्या डीप्यांइतका भार. दहा गाड्यांचा तळ उभा केला की तीस डीप्या. आमच्या वस्तीत जळालेली एक डीपी बदलायला तीन दिवस लागतात. त्या तळाला मात्र अर्धा तासही अंधार चालणार नाही, म्हणून तिथे वेगळी लाईन, वेगळे उपकेंद्र उभे राहील. त्याचा खर्च वीजदराच्या कोणत्या रकान्यातून आपल्या बिलात येईल, ते कळणारही नाही.

कोणते अंतर? कोणता मार्ग?

२०१९ साली अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठ आणि फोर्ड कंपनीच्या संशोधकांनी 'नेचर कम्युनिकेशन्स' या नियतकालिकात याचा अभ्यास प्रसिद्ध केला. १०० किलोमीटरचा प्रवास असेल आणि सगळ्या जागा भरलेल्या असतील, तर उडती टॅक्सी पेट्रोल कारपेक्षा बरीच बरी आणि इलेक्ट्रिक कारपेक्षाही किंचित बरी ठरते, असे त्यात आढळले. ही बाजू लपवायचे आम्हाला कारण नाही. पण त्याच अभ्यासात हेही आहे की ३५ किलोमीटरच्या आतल्या प्रवासात, एकट्या माणसाने चालवलेली पेट्रोल कारसुद्धा तिच्यापेक्षा कमी ऊर्जा खाते. आणि ही सगळी तुलना मोटारीशी आहे.

आता आपल्या देशात काय विकले जात आहे ते बघा. नोव्हेंबर २०२३ मध्ये इंडिगो विमान कंपनीमागच्या इंटरग्लोब समूहाने आर्चर या अमेरिकन कंपनीबरोबर घोषणा केली : २०२६ मध्ये भारतात उडत्या टॅक्सी, २०० विमाने, दिल्ली, मुंबई आणि बंगळुरू. उदाहरण दिले दिल्लीच्या कॅनॉट प्लेस ते गुरुग्रामचे. कारने ६० ते ९० मिनिटे, हवेतून ७ मिनिटे. हे अंतर किती? साधारण २५-३० किलोमीटर. म्हणजे नेमके ते अंतर, ज्यात ही गाडी पेट्रोल कारलाही हरते.

आणखी एक गंमत. कॅनॉट प्लेसच्या खालीच राजीव चौक हे मेट्रो स्टेशन आहे. तिथून यलो लाईन थेट गुरुग्रामला जाते. जाहिरातीत तुलना कारशी केली, मेट्रोशी केली नाही. ज्यांना ही सेवा विकायची आहे त्यांच्या नकाशात मेट्रो नसतेच. मेट्रोत घाम येतो, मेट्रोत कोणीही शेजारी बसतो.

गर्दी तरी कमी होईल का? २०० विमाने, प्रत्येकी चार प्रवासी, दिवसाला वीस फेऱ्या अगदी भरभरून धरल्या तरी १६,००० प्रवासी होतात. मुंबईच्या गर्दीच्या वेळच्या तीन-चार लोकल. मुंबईची लोकल रोज सुमारे ७५ लाख लोक नेते, आणि त्या व्यवस्थेत दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे रुळांवर आणि गाडीतून पडून मरतात. शहराच्या वाहतुकीचा प्रश्न म्हणजे हा. १६,००० लोकांना ढगात नेऊन तो सुटत नाही.

धंदा म्हणूनही ही गोष्ट डळमळीत आहे. जर्मनीच्या व्होलोकॉप्टर कंपनीने २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये प्रवासी नेण्याचे स्वप्न दाखवले होते. ते झाले नाही, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. लिलियम ही दुसरी जर्मन कंपनी, तिचेही २०२४ मध्ये तेच झाले. चीनमध्ये दोन आसनांच्या एका पायलटविरहित यंत्राला २०२३ साली प्रमाणपत्र मिळाले, म्हणजे तंत्र खोटे नाही. खोटे आहे ते "सर्वांसाठी" हे विशेषण.

झिरो प्रदूषण, पण कोणाच्या अंगणात?

"विजेवर चालते म्हणजे धूर नाही." धूर आहे, फक्त पत्ता बदलला आहे. या देशातली जवळपास तीन-चतुर्थांश वीज आजही कोळशातून येते. महाराष्ट्रात कोळसा जळतो तो चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा, पारस, भुसावळ इथे. एकट्या चंद्रपूरच्या सरकारी केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट. मुंबई-पुण्यात दिवा लागतो आणि विदर्भात राख पडते. ती राख वाळत घातलेल्या कपड्यांवर, कापसावर, लहान लेकरांच्या फुफ्फुसांत बसते. खाणीसाठी जमीन गेलेल्यांत आदिवासी आणि बहुजन कोण नि किती, हे आम्ही विदर्भातल्या वाचकांना सांगायला नको.

"मग सौरऊर्जेवर चालवू." जरूर. पण सौर पॅनेलमधून निघणारे युनिटही एकदाच वापरता येते. ते चौघांना गुरुग्रामला नेईल, नाहीतर चाळीस जणांना बसने नेईल, नाहीतर रात्री पाणी द्यायला शेतात जाणाऱ्या शेतमजुराला दिवसा मोटर चालवू देईल. ऊर्जा हिरवी असली म्हणून तिचे वाटप आपोआप न्याय्य होत नाही.

वाहन आणि जात

आता मूळ मुद्दा. वाहन हे नुसते यंत्र नसते, ते सामाजिक नाते असते. हे आम्हाला कोणी परदेशी समाजशास्त्रज्ञाने शिकवलेले नाही. १९०१ साली छोटे भीमराव भावंडांसह वडिलांना भेटायला गोरेगावला निघाले. रेल्वेने त्यांना मसूर स्टेशनपर्यंत आणून सोडले. पुढे जात कळताच बैलगाडीवाल्यांनी नकार दिला. शेवटी दुप्पट भाडे देऊन, गाडी पोरांनीच हाकायची आणि गाडीवान बाजूने चालणार, या अटीवर प्रवास झाला. १९२९ साली बाबासाहेब बॅरिस्टर होते, अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचे सदस्य होते. चाळीसगावला टांगेवाल्यांनी त्यांना घेऊन जायला नकार दिला. मग टांगा हाकायची सवय नसलेला आपलाच एक माणूस पुढे झाला, टांगा उलटला आणि बाबासाहेब जबर जखमी झाले.

दोन्ही प्रसंगांत काय दिसते? खासगी वाहन दार बंद करू शकते. सार्वजनिक वाहनाला दार उघडे ठेवावे लागते. रेल्वेत जात नव्हती असे आम्ही म्हणत नाही. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला जीआयपी रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांसमोर बोलताना बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे आपले दोन शत्रू सांगितले, ते रेल्वेतच आपल्या माणसाला खालच्या कामांत डांबले जात होते म्हणून. तरीही रेल्वेच्या डब्यात, एसटीच्या बाकावर, खांद्याला खांदा लावून बसावे लागले, आणि त्या सक्तीच्या शेजारामुळे विटाळाची कल्पना जितकी झिजली तितकी प्रवचनांनी झिजली नाही. बंधुता घडायची तर माणसे एकत्र आली पाहिजेत. बस आणि लोकल हे संविधानातल्या बंधुतेचे चालतेबोलते वर्ग आहेत.

उडती टॅक्सी हा त्या वर्गातून बाहेर पडण्याचा पास आहे. आधी त्यांनी वस्ती वेगळी केली, मग सोसायटीला कुंपण घातले, शाळा वेगळी केली, दवाखाना वेगळा केला. एकच गोष्ट उरली होती जी सगळ्यांना सारखी भोगावी लागत होती : रस्ता. मर्सिडीजही त्याच खड्ड्यात आणि लाल परीही त्याच खड्ड्यात. ज्यांच्या शब्दाला मंत्रालयात वजन आहे ते जोवर त्या खड्ड्यात आदळतात, तोवर खड्डा बुजण्याची थोडी तरी आशा असते. तेच वर उडून गेले की खड्डा फक्त आपला उरतो.

३१ जानेवारी १९२० च्या 'मूकनायक'च्या पहिल्या अंकात बाबासाहेबांनी हिंदू समाजाला मजल्यांच्या मनोऱ्याची उपमा दिली. मजले आहेत पण शिडी नाही, जो जिथे जन्मला तिथेच मरणार. शंभर वर्षांनी त्या मनोऱ्याला शिडी लावायची सोडून गच्चीवर विमानतळ बांधण्याची तयारी चालू आहे.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप आपल्याच पोरांचा : "दादा, मोबाईलही आधी श्रीमंतांचाच होता. नंतर स्वस्त झाला ना?" चांगला प्रश्न. मोबाईल स्वस्त झाला कारण त्याच्या आतला भाग दरवर्षी लहान करता येत गेला. माणसाचे वजन लहान करता येत नाही. सत्तर किलोचा माणूस २०५० सालीही सत्तर किलोचाच असणार आणि गुरुत्वाकर्षण कोणाला सवलत देत नाही. पाते आणखी चांगले होतील, बॅटरी हलकी होईल, खर्च काहीसा उतरेल. पण रस्त्याने फुकटात पेललेले वजन हवेत विकत पेलावे लागते, हे बदलणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर : "रुग्णवाहिका म्हणून वापरता येईल." हे आम्ही मान्य करतो. पावसाळ्यात भामरागडचा रस्ता पर्लकोटेच्या पुराने बंद होतो. बाळंतीण खाटेवर टाकून चालत आणावी लागते. तिला आणायला असे यंत्र येणार असेल तर त्यासाठी पहिला मोर्चा आम्ही काढू. तिथे पन्नास काय, पाचशे युनिट खर्च झाले तरी तो खर्च योग्यच आहे. पण घोषणा वाचा. भामरागड कुठे आहे? पहिला मार्ग कॅनॉट प्लेस ते गुरुग्राम. रुग्णवाहिका जाहिरातीत आहे, वेळापत्रकात नाही.

यंत्राची कसोटीच लावायची तर गटारीजवळ लावा. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणारा कायदा २०१३ चा. मार्च २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारात मेलेल्याच्या कुटुंबाला १० लाखांची भरपाई द्यायला सांगितले, ऑक्टोबर २०२३ मध्ये ती ३० लाख केली. भरपाईची रक्कम वाढते, म्हणजे मरणे थांबलेले नाही. तीन टनांचे यंत्र हवेत तोलून धरणाऱ्या देशाला आपल्या माणसाला गटारीत उतरवल्याशिवाय गाळ काढता येत नाही, यावर आमचा विश्वास नाही. तंत्र आहे. इच्छा नाही. कारण खाली उतरणाऱ्याची जात ठरलेली आहे, तशीच वर उडणाऱ्याचीही.

मग करायचे काय?

कोणतेही नवे यंत्र समोर आले की तीन प्रश्न विचारा. एक : हे किती वीज खाते आणि त्याच विजेत आणखी काय झाले असते? दोन : याचा धूर, आवाज आणि धोका कोणाच्या डोक्यावर? उडत्या गाड्यांच्या वाटेखाली पत्र्याची छपरे असणार, टॉवर नव्हे. तीन : यामुळे सर्वात खालच्या माणसाचे कोणते कष्ट सुटतात?

आणि मागण्या ठेवा. शहराच्या विकास आराखड्यात उडत्या टॅक्सीच्या तळाला सार्वजनिक जमीन देण्याचा विषय आला की हरकत नोंदवा. हरकतींची मुदत असते, ती चुकवू नका. तळाच्या वीजजोडणीचा सगळा खर्च कंपनीकडूनच घ्यावा, अशी मागणी वीज नियामक आयोगाच्या जनसुनावणीत करा. तिथे सामान्य ग्राहकालाही बोलता येते, आपले लोक जातच नाहीत. एसटीने ५,१५० इलेक्ट्रिक बस भाडेतत्त्वावर घ्यायचे ठरवले होते, त्या ठरल्या वेळेत आल्या नाहीत. आपल्या आगारात किती आल्या, माहिती अधिकारात विचारा. आणि वस्तीची डीपी किती केव्हीएची, तिच्यावर किती घरे, ती किती वेळा जळाली, याची नोंद ठेवा. आम्ही आमच्या अभ्यासिकेत या महिन्यापासून ही वही सुरू केली आहे. तो व्हिडिओ दाखवणारा पोरगाच ती लिहितो.

आकाशाचे स्वप्न आम्हालाही आहे. पण आम्ही वर जाऊ ते सगळे मिळून, आणि शिडी लावून.

जय भीम!